गजकर्ण : खाज थांबली म्हणजे रोग बरा झाला का?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या, जंगल आणि डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी. उन्हाळा कडक असतो आणि त्यानंतर भरपूर पाऊस पडतो. रोवणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलपाण्यात असतात. अंगावरचे कपडे अंगावरच भिजतात आणि अंगावरच वाळतात. खाणीत काम करणाऱ्यांच्या पायांत दिवसभर बूट आणि अंगात घामाने ओले कपडे असतात. ऊब, ओल आणि घर्षण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की एका विशिष्ट प्रकारच्या बुरशीचे चांगलेच फावते. ही बुरशी म्हणजे गजकर्णाची बुरशी. कोणी याला नायटा म्हणतात, कोणी दाद म्हणतात.

समजा, अशा गावातल्या नववीतल्या एका मुलाच्या कमरेवर करदोड्याखाली रुपयाएवढा लाल, खाजरा चट्टा उठला. घरच्यांनी दुकानातून एक मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्यात लाली गेली आणि मलम बंद झाले. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, या वेळी तळहाताएवढा. पुन्हा तेच मलम, पुन्हा आराम. सहा महिन्यांनी जांघा, पोट आणि पाठ चट्ट्यांनी भरली. आता आईला आणि धाकट्या बहिणीलाही खाज सुटते आहे. मुलगा वर्गात सारखा खाजवतो आणि मागच्या बाकावर एकटा बसतो.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण ही कहाणी आज देशभरातल्या त्वचारोगाच्या दवाखान्यांत रोज ऐकू येते. पूर्वी हा आजार साध्या मलमाने दोन-चार आठवड्यांत बरा होत असे. तो आता महिनोन्‌महिने का रेंगाळतो? याचे उत्तर समजायला औषधशास्त्रातली पदवी लागत नाही. दहावीपर्यंतचे जीवशास्त्र पुरते.

बुरशी काय खाते?

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी केरॅटिन नावाच्या कणखर प्रथिनाने भरलेल्या असतात. केस आणि नखेही याच प्रथिनाची असतात. केरॅटिन पचवणे बहुतेक सजीवांना जमत नाही. गजकर्णाच्या बुरशीला मात्र ते जमते. ती केरॅटिन फोडणारी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. तिचे बारीक तंतू मृत थरातच पसरतात. खालच्या जिवंत पेशींत ती सहसा शिरत नाही.

मग खाज का सुटते? बुरशीची विकरे आणि इतर पदार्थ झिरपत खालच्या जिवंत थरांपर्यंत पोचतात. शरीराची प्रतिकार यंत्रणा त्यांना परके म्हणून ओळखते. तेथे पांढऱ्या पेशी जमतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचा लाल होते आणि खाजेचे संदेश देणारी रसायने सुटतात. म्हणजे लाली आणि खाज ही बुरशीने थेट केलेली जखम नसून आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध चालवलेल्या लढ्याची खूण आहे. या दाहामुळे त्वचेच्या पेशी नेहमीपेक्षा भराभर तयार होतात, वरचा थर कोंड्यासारखा झडतो आणि त्याबरोबर बुरशीही झडून जाते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

कडे का तयार होते?

गजकर्णाचा चट्टा गोल असतो. त्याची कड उंचावलेली, लाल आणि खवल्यांची असते. मधला भाग मात्र बराचसा साफ दिसतो. बुरशी एका ठिकाणी रुजली की ती सर्व दिशांना सारख्याच वेगाने पसरते, म्हणून आकार गोल होतो. मधल्या भागात शरीराचा प्रतिकार आधी पोचलेला असतो आणि तेथली बुरशी बरीचशी झडून गेलेली असते. ताजी, वाढती बुरशी कडेला असते.

वर्गात हे दाखवायचे असेल तर ओलसर भाकरीचा तुकडा झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा आणि मधोमध टाचणीने जुन्या बुरशीचा कण टेकवा. डबी बंदच ठेवून रोज बाहेरून निरीक्षण करा आणि बुरशीच्या ठिपक्याचा व्यास मोजून आलेख काढा. भाकरीवरची बुरशी गजकर्णाची नसते, पण पसरण्याची रीत तीच असते. प्रयोग संपल्यावर डबी न उघडता टाकून द्यावी.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. तपासणीसाठी त्वचेचा कोंडा घ्यायचा तो चट्ट्याच्या मधून नव्हे, कडेवरून. आणि मलम लावायचे ते कडेच्या बाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत, कारण तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेले असू शकतात.

करून पाहा : दवाखान्यातली साधी तपासणी

डॉक्टर कडेवरचा कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यामागचे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येते. एका परीक्षानळीत दोन-तीन केस आणि दुसऱ्या परीक्षानळीत अळिंबीचा छोटा तुकडा घ्या. दोन्हींत सोडियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्के द्रावण घालून एक दिवस ठेवा. हे द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना घातक असते. म्हणून ते शिक्षकांनीच, चष्मा लावून हाताळावे. दुसऱ्या दिवशी केस मऊ पडून विरू लागलेला दिसेल, पण अळिंबीचा तुकडा नरम झाला तरी बराचसा टिकून राहील. केस केरॅटिनचा असतो आणि अल्कलीत ते विरघळते. अळिंबी ही बुरशीच्याच कुळातली आहे. तिच्या पेशीभित्तिकेतले कायटिन अल्कलीला दाद देत नाही. काचपट्टीवरही हेच घडते. त्वचेच्या पेशी पारदर्शक होतात आणि बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. ही तपासणी थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात होते.

दोन औषधे, दोन कामे

आता दुकानातून आणलेल्या मलमाकडे वळू. खाजेवर मिळणाऱ्या मलमांत दोन अगदी वेगळ्या कामांची औषधे असू शकतात.

पहिले काम बुरशीवर हल्ला करण्याचे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एखादी कडी तोडली, तर बुरशी मरते किंवा तिची वाढ खुंटते आणि माणसाला फारसा अपाय होत नाही. टर्बिनाफिन हे औषध या साखळीतली सुरुवातीची कडी तोडते. क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधे तिच्या पुढची कडी तोडतात.

दुसरे काम दाह शमवण्याचे. हे काम स्टेरॉइड करतात. कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा संधिवातावर झालेला विलक्षण उपयोग १९४८ साली दिसून आला आणि त्याच्याशी निगडित संशोधनाला १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून इसबासारख्या रोगांत गुण येतो हे कळले. पुढे याहून कितीतरी पटींनी जालीम स्टेरॉइड तयार झाले. क्लोबेटासोल हे त्यांतले सर्वांत तीव्र समजले जाणारे एक. योग्य रोगात, योग्य मुदतीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरल्यास ही फार मोलाची औषधे आहेत.

पण गजकर्णावर स्टेरॉइड लावले तर काय होते? वर पाहिले की खाज आणि लाली ही शरीराच्या लढ्याची खूण आहे. स्टेरॉइड तो लढाच थांबवते. खाज दोन दिवसांत थांबते, लाली ओसरते आणि रोग्याला वाटते की औषध लागू पडले. बुरशी मात्र जिवंत असते आणि आता तिला अडवणारे कोणी नसते. ती निवांतपणे पसरते. मलम बंद केले की प्रतिकार यंत्रणा जागी होते, समोर आधीपेक्षा कितीतरी जास्त बुरशी पाहते आणि खाज दुप्पट जोराने उसळते. रोगी घाबरून तेच मलम पुन्हा लावतो. आपल्या नववीतल्या मुलाचे नेमके हेच झाले.

याचे आणखीही तोटे आहेत. चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते किंवा कड्यात कडी दिसू लागतात, त्यामुळे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. अशा वेष पालटलेल्या गजकर्णाचे वर्णन इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी १९६८ सालीच केले होते. शिवाय त्वचा पातळ होते. जांघेत, मांडीवर, काखेत फाटल्यासारख्या लांब रेघा उमटतात आणि या रेघा कायमच्या राहतात.

बाजारातल्या कित्येक मलमांत ही दोन्ही औषधे आणि त्यात जिवाणूंवरचे तिसरे-चौथे औषधही एकत्र घातलेले असे. कल्पना अशी, की आजार कोणताही असो, काहीतरी लागू पडेलच. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठवला. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या चौदा स्टेरॉइडना चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमेही होती. कायदा झाला, पण शेजाऱ्याकडची उरलेली ट्यूब मागून लावायला चिठ्ठी लागत नाही. म्हणून हा प्रश्न कायद्याइतकाच शिक्षणाचाही आहे.

बुरशीही बदलली

रोग चिवट होण्याचे दुसरे कारण बुरशीतच आहे. भारतात पूर्वी ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात सर्वाधिक आढळे. गेल्या दशकात तिची जागा दुसऱ्याच एका प्रकाराने घेतली. २०२० साली जपानी संशोधकांनी त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे वेगळे नाव दिले. या बुरशीचे कित्येक वाण टर्बिनाफिनला जुमानत नाहीत. टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते, त्याच्या साखळीतल्या ३९७ व्या जागी फेनिलॲलानिनऐवजी ल्यूसिन हे अमिनो आम्ल आलेले असते. एवढ्याशा उत्परिवर्तनाने कुलपाचा आकार बदलतो आणि औषधाची किल्ली त्यात बसत नाही.

हा बदल औषधाने ‘घडवला’ का? विद्यार्थी नेहमी असेच म्हणतात आणि येथे शिक्षकांनी थांबून स्पष्ट करावे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका चट्ट्यात एक लाख बुरशीपेशी आहेत आणि त्यांतल्या फक्त दहांत हे उत्परिवर्तन आपोआप झालेले आहे. औषध लावले की साध्या पेशी मरतात आणि दहा उरतात. शरीराचा प्रतिकार शाबूत असेल तर त्या दहाही झडून जाण्याची शक्यता बरीच असते. पण सोबत स्टेरॉइड असल्याने प्रतिकार झोपलेला असेल आणि औषध मध्येच सोडले असेल, तर त्या दहा पेशींना सारे रान मोकळे मिळते. पुढचा चट्टा त्यांच्याच संततीचा असतो. औषधाने उत्परिवर्तन घडवले नाही, त्याने निवड केली. डार्विनचा सिद्धांत शिकवायला याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.

स्टेरॉइडची मलमे हे या साथीचे एकमेव कारण नाही. दमट हवा, दाटीची घरे, घट्ट कृत्रिम धाग्यांचे कपडे आणि अर्धवट उपचार यांचाही हातभार आहे. ही बुरशी आता युरोप-अमेरिकेतही पोचली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली.

तरोट्याचा पाला आणि गोव्याची भुकटी

विदर्भात पावसाळ्यात तरोट्याची भाजी आवडीने खातात. बाकी महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चक्राचा, गोल चट्ट्याचा नाश करणारा. त्याच्या बिया ताकात वाटून गजकर्णावर लावण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ नावाची भुकटी याच रोगावर प्रसिद्ध होती. ती ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघे आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात येई. या दोन्हींत अँथ्रॅक्विनोन वर्गातली किंवा त्यांच्या जवळच्या नात्यातली द्रव्ये असतात. म्हणजे जुन्या लोकांचे निरीक्षण पोकळ नव्हते. पण गोव्याची भुकटी त्वचेची आग करी, आणि घरगुती लेपात द्रव्याचे प्रमाण किती हे कळत नाही. जांघाभर पसरलेले आजचे गजकर्ण अशा लेपाने आवरत नाही. लसूण, चुना किंवा रॉकेल लावल्याने तर त्वचा भाजते.

प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो

- बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास असेल तर खरूज असण्याची शक्यता जास्त. ती बुरशीने नव्हे, सूक्ष्म किड्याने होते. तिच्यावर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.
- चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर इसबासारखे चट्टे असतील तर गाजर गवताची ॲलर्जी असू शकते.
- चट्टा फिकट किंवा लालसर असून खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी ताबडतोब करावी. पूर्व विदर्भात हे विशेष लक्षात ठेवावे. सरकारी दवाखान्यात हा उपचार मोफत मिळतो, आणि वेळीच घेतल्यास रोग व्यंग न येता बरा होतो.

उपचारात काय महत्त्वाचे?

औषध डॉक्टरांनी ठरवावे. चट्टे थोडे असतील तर नुसते बुरशीनाशक मलम पुरते. पसरलेल्या रोगात पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या आज काही आठवडे, कधी काही महिने चालतात. चट्टा दिसेनासा झाला तरी मलम निदान दोन आठवडे पुढे चालू ठेवायचे. स्टेरॉइड बंद केल्यावर सुरुवातीला खाज वाढेल, हे रोग्याला आधीच सांगावे. नाहीतर तो नव्या औषधालाच दोष देऊन जुन्या ट्यूबकडे वळतो.

घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांचा उपचार एकदम झाला पाहिजे. टॉवेल, साबण, अंतर्वस्त्रे आणि अंथरूण वेगळे हवे. बुरशीचे बीजाणू झडलेल्या कोंड्यात महिनोन्‌महिने टिकतात. साध्या पाण्याने ते मरतीलच असे नाही, साठ अंशांच्या पाण्याने मरतात. येथे वर्गासाठी एक गणित आहे. १०० अंशांचे उकळते आणि २५ अंशांचे साधे पाणी समप्रमाणात मिसळले तर मिश्रण ६२.५ अंशांचे होईल. बादली आणि कपडे काही उष्णता घेतील. म्हणून दोन भाग उकळते आणि एक भाग साधे घ्यावे, म्हणजे सुरुवात ७५ अंशांपासून होईल. हे काम मोठ्यांनी करावे. नंतर कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवावेत.

उपचार चालू असेपर्यंत करदोडा, गंडे, ताईत काढून ठेवावेत. ओला दोरा घाम आणि बीजाणू दोन्ही धरून ठेवतो. परकराची घट्ट नाडीही तेच करते, म्हणून तिची जागा वरचेवर बदलावी आणि खालची त्वचा कोरडी करावी. बांधीतून किंवा खाणीतून आल्यावर आंघोळ करून अंग, विशेषतः जांघा आणि बोटांच्या बेचक्या, पूर्ण पुसून कोरडे कपडे घालावेत.

शिक्षक काय करू शकतात?

गजकर्ण झालेल्या मुलाला शाळेतून घरी पाठवण्याचे कारण नाही. उपचार सुरू आहे आणि चट्टा कपड्याखाली झाकलेला आहे, एवढे पुरे. मात्र खेळाचे कपडे, टॉवेल, टोप्या यांची अदलाबदल थांबवावी. जांघेतला आजार मुले लाजेने सांगत नाहीत, मुली तर नाहीच नाही. शरीरशास्त्राच्या तासाला हा विषय सहजपणे, कोणाकडेही न पाहता काढला तर एखादे मूल तास संपल्यावर थांबून विचारते.

एक गृहपाठही देता येईल. घरातल्या खाजेच्या मलमांच्या रिकाम्या किंवा अर्ध्या ट्यूबा वर्गात आणायला सांगा आणि त्यांवरची बारीक अक्षरे भिंगाने वाचायला लावा. बहुतेक बुरशीनाशकांच्या नावाच्या शेवटी ‘नाझोल’ किंवा ‘माझोल’ असते. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन आणि क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावे. ‘क्लोबेटासोल’ आणि ‘क्लोट्रिमाझोल’ ऐकायला सारखी वाटतात, कामे मात्र उलट करतात. ज्या ट्यूबेवर स्टेरॉइडचे नाव सापडेल, ती घेऊन मुलाने घरच्यांसह डॉक्टरांकडे जावे आणि ‘हे किती दिवस लावले’ ते खरे सांगावे. योग्य उपचाराची सुरुवात तेथूनच होते.